आर्देशिर गोदरेज

आर्देशिर बर्जोरजी गोदरेज (१८६८ – १९३६) हे भारतीय कारखानदार व संशोधक होते. कुलुपे, पोलादी तिजोऱ्या व वनस्पती तेलापासून साबण बनविणाऱ्या गोदरेज उद्योगाचे ते संस्थापक होत.

जीवन

मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेल्या आर्देशिर यांच्या पत्नी बाचूबाई यांचा १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. वकील म्हणून ते झांजिबारला गेले. परंतु अशिलासाठी सत्याला मुरड घालणे न पटल्याने १८९४ मध्ये परतले. पुढे शस्त्रक्रियेची उपकरणे बनविण्याचा त्यांचा पहिला उद्योगही अशाच आग्रहापायी बंद पडला. मालावर भारतीय बनावटीचा उल्लेख असावा, ही त्यांची अट ग्राहकाला मान्य नव्हती. १८९७ मध्ये मेरवानजी कामा यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला.

तिजोरी आणि पत्रा

१९०२ च्या सुमारास ते तिजोरीकडे वळले. खरी अडचण पत्र्याचीच होती. देशात पोलादाचे मोठे उत्पादन साकची येथे १९१२ मध्ये सुरू झाले. तोवर पत्रा बहुतांशी परदेशातूनच येई. तिजोरीकडून अपेक्षा मात्र परस्परविरोधी असतात. कार्बनचे प्रमाण कमी, म्हणजे साधारण ०.२ टक्क्यांच्या आत असलेला पत्रा मऊ असतो. तो न तडकता वाकतो, पण चोराच्या गिरमिटालाही लवकर वश होतो. कार्बन वाढवून, तापवून एकदम थंड केलेले पोलाद गिरमिटाला दाद देत नाही. मात्र ते ठिसूळ होते आणि घडीवर तडकते. म्हणून अंगासाठी मऊ व कुलपाच्या भागापाशी कठीण पोलाद वापरणे, हाच तिजोरीच्या धंद्यातील व्यवहार्य मार्ग ठरतो. घडी घालताना वाकलेल्या जागी पत्रा अधिक कठीणही होतो. आर्देशिर यांनी सुटे तुकडे रिव्हेटांनी जोडण्याऐवजी पत्र्याला घड्या घालून सांधे कमी करण्यावर भर दिला. सांधा हीच पहार शिरण्याची जागा असते.

आगीचा प्रश्न निराळा आहे. पोलाद जळत नाही, पण उष्णता आत पोहोचवते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला त्याची निम्मी ताकद जाते, आणि कागद तर त्याच्या कितीतरी आधी करपतो. त्यामुळे दोन भिंतींमधील उष्णतारोधक भरणाला पत्र्याइतकेच महत्त्व असते. केवळ जाड पत्रा म्हणजे सुरक्षित तिजोरी, हा समज आजही आढळतो.

उत्तरायुष्य

१९२१ मध्ये त्यांनी टिळक स्वराज्य फंडास तीन लाख रुपये दिले. उद्योगाचा भार धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे सोपवून ते शेतीकडे वळले. त्यांच्या निधनानंतर, १९५१ – ५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.