सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

आमचे काल्हेर गाव ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, खाडीच्या काठी वसलेले आहे. याच जिल्ह्यातील मुरबाड हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आजोळ होय, ही गोष्ट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. बाबासाहेबांचे नाव कोणास सांगावयास नको. परंतु ज्या पित्याने त्यांस घडविले त्या शिपाईगड्याचे चरित्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही ते येथे थोडक्यात देत आहो.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हे इंग्रजांच्या मुंबई फौजेत शिपाई होते. ज्या महार समाजास त्या काळी गावच्या शाळेत व पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यास फौजेचा दरवाजा मात्र उघडा होता. रामजीही वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून फौजेत दाखल झाले. मुरबाडचे घराणेही लष्करी पेशाचेच. तेथील भीमाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

फौजेत रामजींस बंदुकीबरोबरच दुसरे एक शस्त्र लाभले, ते म्हणजे विद्या. पलटणीतील मुलामुलींस त्या काळी सक्तीने शिकवीत. त्यामुळे ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या अक्षरओळख नव्हती, तेथील स्त्रियाही वाचू लागल्या. रामजींनी पुण्यास शिक्षकाचे शिक्षण घेतले, पुढे सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळिले आणि ते सुभेदाराच्या हुद्द्यास चढले. पंथाने ते कबीरपंथी होते. मद्यमांसाचा त्यांस तिटकारा असे, व सकाळ-संध्याकाळ घरात भजन झाल्यावाचून राहत नसे. महात्मा फुले यांच्या कार्याविषयी त्यांस मोठा आदर होता. त्यांस एकंदर १४ अपत्ये झाली. त्यांपैकी शेवटचे भीमराव, यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत झाला.

यानंतर थोड्याच काळात सरकारने महारांची फौजभरती बंद केली. पिढीजात शौर्याने मिळविलेली एकुलती एक वाट अशी एकाएकी बुजली. पेन्शनीत निघालेले रामजी स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने त्यांनी सरकाराकडे अर्ज करविला, असे चरित्रकार नमूद करितात. त्या अर्जास तत्काळ यश आले नाही. परंतु पुढे १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, ती पाहावयास रामजी हयात नव्हते.

पेन्शनीनंतर काही काळ दापोलीस राहून ते साताऱ्यास आले व तेथे नोकरी करू लागले. तेथेच भीमाबाईंचे निधन झाले. तीन मुलगे व दोन मुली एवढीच अपत्ये जगली होती. रामजींची बहीण मीराबाई हिने या पोरक्या लेकरांचा सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. खोली एकच, तीतच चूल, जळाऊ लाकडे, जाते, आणि माणसेही. इतक्या दाटीत अभ्यास कसा व्हावा? रामजींनी तोड काढिली. भीमरावांस सायंकाळी लवकर निजावयास सांगावे, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग मुलास उठवून अभ्यासास बसवावे, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपण अंग टाकावे. तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पाठ करवून घेतली. मुलाने पुस्तक मागितले आणि गाठीस पैसा नसला, तर ते विवाहित मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण ठेवीत, आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करीत. पालकहो, शिस्तीचा हा सुभेदार मुलांच्या पुस्तकापायी लेकीच्या दारी हात पसरावयास लाजला नाही, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले व १९१२ साली पदवीधर झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तोच पित्याच्या आजाराची तार आली. परतताना सुरत स्टेशनावर वडिलांकरिता मिठाई घ्यावयास ते उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजीत होते. त्यांचे डोळे या मुलाच्याच वाटेकडे लागले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडिला. त्याच वर्षी बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेस रवाना झाले. तो दिवस पाहणे पित्याच्या नशिबी नव्हते.

दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ भीमरावांनी आईबापांच्या स्मृतीस कृतज्ञतापूर्वक अर्पण केला.

विद्यार्थिमित्रहो, रणांगणावरील पराक्रमाची गाथा बहुधा कोणीतरी लिहून ठेवितो. परंतु मुलास अभ्यासास जागा मिळावी म्हणून रात्री दोनपर्यंत ताटकळत बसणाऱ्या शिपायाचा पहारा तवारिखेत येत नाही. तो पहारा आमच्यापैकी कितीएकांच्या घरी आजही चालू असेल. आज रात्री पुस्तक उघडाल, तेव्हा तो कोण देत आहे इकडे एकवार दृष्टी टाका, एवढेच आमचे सांगणे आहे.