फुलपाखरांमागे धावली, म्हणून वेडी ठरली!

एक सीन डोळ्यांसमोर आणा. साल १७१२. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं वेल्स गाव. कोर्टात केस उभी आहे आणि दोन्ही बाजूंचे मिळून शंभराच्या आसपास साक्षीदार आहेत. कुणी सांगतंय, बाई कुंपणाच्या झुडपांखाली चादर अंथरायची आणि लांब काठीने झुडपं झोडपायची. कुणी सांगतंय, एवढा खटाटोप कशासाठी, तर अळ्या गोळा करायला! कुणाचा आक्षेप कपड्यांवर. एवढ्या मोठ्या घरची बाई, आणि टेकड्यांवर भटकताना अंगावर धड पुरते कपडे नसायचे म्हणे.

दावा ठोकणारा होता तिचा सख्खा मुलगा. आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, ती उत्तर द्यायला तिथे नव्हतीच. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तिचं नाव एलिनॉर ग्लॅनव्हिल. आज ब्रिटनमध्ये फुलपाखरांचा नाद असलेल्या कुणालाही हे नाव माहीत असतं, कारण तिथल्या एका दुर्मीळ फुलपाखराला तिचं नाव आहे. ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी. पण नावापर्यंतचा हा प्रवास सोपा नव्हता.

श्रीमंत बाई, वाईट नवरा

एलिनॉरचा जन्म १६५४च्या सुमाराचा. माहेरचं आडनाव गुडरिक. आईकडून तिला सॉमरसेटमधली टिकनहॅम कोर्ट ही हवेली आणि भरपूर जमीनजुमला मिळाला. १६७६ मध्ये लिंकनशायरच्या एडमंड अ‍ॅशफील्डशी लग्न झालं. तीनच वर्षांत तो गेला आणि पंचविशीतली एलिनॉर विधवा झाली. पुढे १६८५ मध्ये तिने रिचर्ड ग्लॅनव्हिलशी दुसरं लग्न केलं. इथून सगळं बिनसलं.

रिचर्ड हिंसक होता. बायकोला गोळी घालायची धमकी देण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. अखेर १६९८ मध्ये दोघं वेगळी झाली. आता तुम्ही म्हणाल, सुटली बिचारी! पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये घटस्फोट जवळपास अशक्य होता आणि बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा मोठा हक्क चालायचा. रिचर्डचा डोळा तिच्या इस्टेटीवर होताच. त्याने मुलांनाच आईविरुद्ध फितवायला सुरुवात केली. पहिल्या लग्नाचा मुलगा फॉरेस्ट, त्याला तर पळवून नेल्याचं सांगतात. शेवटी एलिनॉरने मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात दिली. मृत्युपत्रात मुलांना थोडंथोडं ठेवलं आणि बाकी बहुतेक सगळं सर हेन्री गुडरिक या चुलत नात्यातल्या भावाच्या नावे केलं.

घरात हे रामायण चालू असताना बाई काय करत होती? अळ्या पाळत होती!

लिंकनशायरचा नवा पाहुणा

हे लक्षात घ्या, की तेव्हा फुलपाखरं ओळखायला ना फिल्ड गाइड होतं, ना फोटो काढून नाव सांगणारं अ‍ॅप. लिनियसने प्राणिमात्रांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत आणली ती १७५८ मध्ये, म्हणजे एलिनॉरच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी. एखादं फुलपाखरू नवीन आहे की आधीच कुणाला माहीत आहे, हे ठरवायचं तर एकच उपाय. ते पकडायचं, जपून वाळवायचं आणि जाणकाराकडे पाठवायचं.

तिचा जाणकार होता लंडनमधला जेम्स पेटिव्हर. हा धंद्याने औषधविक्या, पण छंदाने जगभरातला निसर्ग घरात भरणारा माणूस. जहाजांवरचे डॉक्टर आणि कप्तान त्याला देशोदेशींचे नमुने आणून द्यायचे. आपल्या मद्रासहूनही त्याच्याकडे नमुने जायचे. ब्रिटनच्या कितीतरी फुलपाखरांना पहिली इंग्रजी नावं त्यानेच दिली. एलिनॉर त्याला पत्रं लिहायची, नमुने पाठवायची. नुसती पकडून थांबायची नाही, तर अळीपासून फुलपाखरू होईपर्यंत वाढवायची आणि काय दिसलं ते लिहून ठेवायची.

लिंकनशायरमध्ये तिला एक वेगळंच फुलपाखरू सापडलं. नारिंगी पंखांवर काळ्या रेघांची जाळी. या घराण्याला फ्रिटिलरी म्हणतात आणि त्यातली भावंडं एकमेकांसारखी इतकी दिसतात, की आजही अनुभवी माणूस पहिल्या नजरेत फसतो. पण हे त्यातलं कुठलंच नव्हतं. पेटिव्हरने १७०३च्या सुमाराला आपल्या ग्रंथात त्याचं चित्र छापलं आणि नाव दिलं लिंकनशायर फ्रिटिलरी. म्हणजे परगण्याचं नाव लागलं, बाईचं नाही.

काठी, चादर आणि पऱ्या

१७०९ मध्ये एलिनॉर गेली. मृत्युपत्र उघडलं आणि फॉरेस्टने ते आव्हानात घेतलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. आई वेडी होती, म्हणून तिचं मृत्युपत्र रद्द करा. फुलपाखरांच्या नादात तिचं डोकं इतकं फिरलं होतं, की आपल्या मुलांच्या पऱ्या झाल्या आहेत असं तिला वाटायचं, असाही दावा झाला. मग शेजारीपाजारी, नोकरचाकर यांच्या साक्षी सुरू झाल्या. त्या तुम्ही वर वाचल्याच.

आता त्या साक्षी नीट बघा. झुडपाखाली पांढरं कापड धरायचं, फांदीवर काठी मारायची, खाली पडलेल्या अळ्या आणि किडे तपासायचे. कीटकांचा अभ्यास करणारे आजही हेच करतात! इंग्रजीत या पद्धतीला बीटिंग म्हणतात आणि झूलॉजीवाल्यांना फिल्डवर्कमध्ये ती शिकवली जाते. थोडक्यात, कोर्टात वेडेपणाचा पुरावा म्हणून जे सांगितलं गेलं, ती तिची संशोधनाची पद्धत होती. साक्षीदार खोटं बोलत नव्हते. त्यांनी बघितलं ते बरोबरच होतं. बाई काय करतेय, एवढंच कुणाला कळलं नाही.

कोर्टाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. मृत्युपत्र रद्द झालं.

एक फॅक्ट-चेक

इथे आम्हा जर्नलिझमवाल्यांना आवडेल असा एक ट्विस्ट आहे. १७६६ मध्ये मोझेस हॅरिस या चित्रकाराने फुलपाखरांवर एक देखणं पुस्तक काढलं, द ऑरेलियन. त्यात त्याने एलिनॉरची गोष्ट लिहिली, पण शेवट गोड करून. त्याच्या म्हणण्याप्रमाणे केस एक्झिटरला चालली, थोर निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनी कोर्टात येऊन बाईची बाजू मांडली आणि कोर्टाचं समाधान झालं. वाचायला मस्त वाटतं. प्रॉब्लेम एवढाच, की जॉन रे १७०५ मध्येच वारले होते. म्हणजे केसच्या सात वर्षं आणि खुद्द एलिनॉरच्या चार वर्षं आधी! शिवाय केस चालली वेल्सला.

तरीही ही गोड गोष्ट पुढे पुष्कळ वर्षं फिरत राहिली. राग येण्यासारखंच आहे, पण एका दृष्टीने समजण्यासारखंही आहे. अशा बाईला न्याय मिळाला असावा, असं वाचणाऱ्यालाही वाटतंच ना?

न्याय कोर्टात मिळाला नाही, तो दुसरीकडे मिळाला. अठराव्या शतकाच्या मध्यावर फुलपाखरांच्या अभ्यासकांनी लिंकनशायर हे नाव बाजूला ठेवलं आणि ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी म्हणायला सुरुवात केली. पेटिव्हरचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर हॅन्स स्लोन यांनी विकत घेतला आणि स्लोन यांच्या संग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. एलिनॉरने पकडलेल्यांपैकी काही फुलपाखरं आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. तिची शेवटची इच्छा टिकली नाही, पण नाजूक पंख तीनशे वर्षं टिकले.

आज शोधायचं तर

लिंकनशायरमध्ये हे फुलपाखरू आता नाही. ब्रिटनमध्ये ते मुख्यतः उरलंय ते आइल ऑफ वाइट या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि चॅनल बेटांवर. दक्षिण किनाऱ्यावरचे कडे मऊ मातीचे आहेत आणि ते सारखे ढासळतात. ढासळलेल्या मोकळ्या, उबदार मातीवर रिबवर्ट प्लँटेन नावाची छोटी वनस्पती उगवते. आपल्या इसबगोलाची ही सख्खी बहीण. या फुलपाखराच्या काळ्या, लाल डोक्याच्या अळ्या तीच खातात. रेशमी धाग्यांचं जाळं विणून त्या घोळक्याने राहतात आणि हिवाळाही एकत्रच काढतात. कडा ढासळायचा थांबला, की तिथे मोठं गवत आणि झुडपं माजतात, प्लँटेन सावलीत जातं आणि फुलपाखरूही जातं. म्हणजे जमीन खचतेय, म्हणून हे टिकून आहे!

फोटो काढायचा तर मे-जूनमध्ये जावं लागतं. ऊन असलं की ते जमिनीलगत भराभर उडतं, कॅमेऱ्याला दाद देत नाही. ढग आले की पंख मिटून बसतं आणि तोच खरा चान्स. खालच्या बाजूला मलई रंगावर नारिंगी पट्टे आणि काळे ठिपके दिसतात. पंख उघडलेच, तर मागच्या पंखांच्या कडेजवळची नारिंगी घरं बघायची. प्रत्येक घरात एक काळा ठिपका दिसतो. ओळखायची ही एक खूण.

त्या किनाऱ्यावर चांगल्या दिवशी काय दिसत असेल, कल्पना करा. चांगली शिकलेली, नोकरीधंद्याची माणसं, मातीने कपडे माखलेले, पोटावर पालथी पडलेली, बोटभर फुलपाखरासमोर श्वास रोखून. १७१२च्या त्या साक्षीदारांनी यांच्याबद्दल कोर्टात काय सांगितलं असतं, हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की आज त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. आणि फोटोखाली नाव लिहायची वेळ आली, की प्रत्येक जण तिचंच नाव लिहितो.