भोवऱ्याचे कोडे सोडवणारी सोफिया

परवा नातवाने जाळी गुंडाळून भोवरा फेकला. आरेवर तो क्षणभर ताठ उभा राहिला, मग डुलू लागला आणि शेवटी लवंडला. शेजारी बसलेली नात टक लावून पाहत होती. मला आठवली सोफिया कोवालेव्हस्काया.

सोफियाचा जन्म १८५० साली मॉस्कोत झाला. पालिबिनोच्या घरात भिंतीचा कागद कमी पडला, म्हणून एका खोलीत गणितावरील व्याख्यानांची पाने चिकटवली होती. ती अगम्य चिन्हे ही पोर तासन्‌तास न्याहाळत बसे.

रशियातील विद्यापीठे स्त्रियांना बंद होती. परदेशी जाता यावे म्हणून तिने १८६८ मध्ये व्लादिमीर कोवालेव्हस्कींशी नावापुरते लग्न केले. बर्लिन विद्यापीठानेही तिला प्रवेश नाकारला, तेव्हा थोर गणितज्ञ वायरश्ट्रास यांनी तिला चार वर्षे खासगीत शिकवले. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली.

मायदेशी मात्र तिच्यासाठी काम होते ते शाळेत लहान मुलींना अंकगणित शिकवण्याचे! काही वर्षे गणितच सुटले. नावापुरते लग्न पुढे खरे झाले, मुलगी झाली. पण १८८३ मध्ये कर्जाने खचलेल्या पतीने जीवन संपवले. त्याच वर्षी मिटाग-लेफ्लर यांनी तिला स्टॉकहोमला बोलावले. पहिले वर्ष विद्यापीठाच्या पगाराविना गेले. १८८४ मध्ये पाच वर्षांच्या मुदतीचे प्राध्यापकपद मिळाले.

तिथेच तिने भोवरा हाती घेतला. त्याची गती सांगणारी अवकल समीकरणे अरेषीय असतात. कारण दुप्पट केले म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. ऑयलर आणि लाग्रांज यांनी पूर्णपणे सुटणारा एकेक प्रकार शोधला होता. सोफियाने तिसरा शोधला. तसा चौथा नाही, हे पुढे सिद्ध झाले.

पॅरिसच्या अकादमीच्या स्पर्धेत निबंध निनावी असे, नाव बंद लिफाफ्यात. १८८८ मध्ये तिचा निबंध इतका सरस ठरला की बक्षिसाची रक्कम ३,००० वरून ५,००० फ्रँक करण्यात आली. नाव झाकलेले होते, तेव्हा कोणी दार अडवले नाही!

१८८९ मध्ये स्टॉकहोमचे पद कायम झाले. रशियाच्या अकादमीने सदस्यत्वाचा मान दिला; नोकरी नाही. १८९१ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, ती स्टॉकहोमलाच वारली.

जाळी आता नातीच्या हातात आहे. ही गोष्ट तिला सांगायची आहे. पण आधी तिचा भोवरा फिरू दे.