बर्फावरचा वेग : हॉवी मोरेंझ

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंद उभे राहतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तेथे खेळाडू पोलादी पाती लावलेले बूट घालून बर्फावरून घसरत धावतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती काठीने टोलवतात. गोलरक्षक धरून एका बाजूला सहाच खेळाडू असतात. या खेळात एक नाव असे आहे, की त्याचा क्रमांक कितवा लावावा यावर जाणकारांचे आजही एकमत होत नाही. ते नाव म्हणजे हॉवी मोरेंझ.

हॉवीचा जन्म 21 सप्टेंबर 1902 रोजी ऑन्टारिओ प्रांतातील मिचेल या लहानशा गावी झाला. पुढे त्याचे कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्ड गावात राहायला गेले. तेथे तो रेल्वेच्या कारखान्यात काम करी आणि उरलेल्या वेळात हॉकी खेळे. त्याचा वेग पाहून 1923 मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाने त्याच्याशी करार केला. सही तर झाली, पण नंतर हॉवीचे मन कच खाऊ लागले. घर, गाव, नोकरी सोडून जायचे. त्या मोठ्या शहरात आपला निभाव लागेल का? त्याने करार मोडण्याची विनंती केली. संघाचे मालक लिओ डँड्युरँड यांनी ती मानली नाही.

ते बरेच झाले म्हणायचे! पहिल्याच हंगामात, म्हणजे 1924 साली, या संघाने स्टॅन्ले चषक जिंकला. 1930 आणि 1931 मध्ये तो पुन्हा जिंकला, तेव्हाही मोरेंझ संघात होताच. सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा हार्ट करंडक त्याने 1928, 1931 आणि 1932 असा तीन वेळा मिळवला. चकती काठीला चिकटल्यासारखी घेऊन तो मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट जाई. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारे लोक पुष्कळ. मोरेंझ इंग्रजी बोलणारा, जर्मन वंशाचा. तरी त्या लोकांनी त्याला आपला मानले.

आता प्रश्न क्रमांकाचा. मोरेंझने 550 सामन्यांत 271 गोल केले. पुढे वेन ग्रेट्झकीने 894 गोल केले, आणि 6 एप्रिल 2025 रोजी अलेक्झांडर ओवेच्किनने 895 वा गोल करून त्यालाही मागे टाकले. मग 271 गोल करणाऱ्याचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. पण मोरेंझच्या काळी एका हंगामात 24 पासून फार तर 48 सामने होत. पुढे ही संख्या 80 च्या वर गेली.

शिवाय नियमही वेगळे होते. 1929 पर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच्या भागात चकती पुढे सरकवून साथीदाराला देता येत नसे. त्यामुळे गोल करणे फार कठीण होते. 1928-29 च्या हंगामात मोरेंझच्याच संघाचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने 44 पैकी 22 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. त्या वर्षी मोरेंझचे गोल होते 17. आकडा लहान वाटतो ना? पण त्या वर्षी सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूचेही गोल 22 च होते. लगेच पुढच्या हंगामात नियम सैल झाला आणि मोरेंझने 44 सामन्यांत 40 गोल केले. एका वर्षात तो दुपटीहून चांगला खेळू लागला असे थोडेच आहे? अवघड प्रश्नपत्रिकेतले 60 गुण आणि सोप्या प्रश्नपत्रिकेतले 90 गुण यांची तुलना करताना आम्हा शिक्षकांचीही अशीच पंचाईत होते.

1950 साली कॅनडातील वार्ताहरांनी मोरेंझला अर्ध्या शतकातील सर्वश्रेष्ठ हॉकीपटू म्हणून निवडले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका हॉकी साप्ताहिकाने शंभर थोर खेळाडूंची यादी केली, तीत तो पंधरावा आला. पहिल्या मतदारांपैकी अनेकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले होते. पण त्याच्या अकाली मृत्यूचे दुःखही त्यांच्या मनात असणार. दुसऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याला खेळताना पाहिलेच नव्हते. मला विचाराल, तर पंधरावा क्रमांक त्याच्यावर थोडा अन्याय करतो. पहिल्या दहांत तो असावा. मात्र त्याचा उतारही विसरता येत नाही. 1934 मध्ये त्याला शिकागोच्या संघाकडे देण्यात आले, तेथून तो न्यूयॉर्कला गेला आणि त्याचा खेळ फिका पडला. त्याची खरी बहराची वर्षे आठ-नऊच.

1936 मध्ये तो मॉन्ट्रियलला परतला. 28 जानेवारी 1937 रोजी शिकागोविरुद्धच्या सामन्यात त्याच्या बुटाचे पाते कडेच्या लाकडी फळ्यांत अडकले आणि त्याचा पाय वाईट तऱ्हेने मोडला. तो रुग्णालयातून पुन्हा घरी आलाच नाही. 8 मार्च रोजी तो वारला. वय अवघे 34. तीन दिवसांनी त्याचे शव त्याच क्रीडागृहात मधोमध ठेवण्यात आले आणि हजारो लोक मूकपणे त्याच्यासमोरून गेले.

यादीतला क्रमांक कोणताही असो, मॉन्ट्रियलमध्ये त्याचा अंगरख्यावरचा क्रमांक 7 होता आणि संघाने तो पुन्हा कोणालाही दिला नाही. पुढे त्याची मुलगी मार्लिन हिचे लग्न त्याच संघाच्या बर्नी जेफ्रिअनशी झाले. जेफ्रिअनचा 5 क्रमांक 11 मार्च 2006 रोजी सन्मानाने छताला टांगायचा होता. त्याच दिवशी जेफ्रिअन वारला. संध्याकाळी मोरेंझचे 7 क्रमांकाचे निशाण अर्ध्यावर खाली आणले गेले आणि सासरा-जावयाची दोन्ही निशाणे बरोबरच वर चढवली गेली.