सर दोराबजी टाटा : राजहराच्या टेकड्यांपासून विश्वस्त निधीपर्यंत

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. या कारखान्याला दीर्घकाळ लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या टेकड्या त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी एका मुंबईकर उद्योजकाने पायाखाली घातल्या होत्या. ते होते जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी.

दोराबजींचा जन्म 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत झाला. केंब्रिज आणि सेंट झेवियर्समधील शिक्षणानंतर काही काळ त्यांनी पत्रकारिता केली व 1884 साली ते वडिलांच्या व्यवसायात दाखल झाले. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या यशावर उभ्या राहिलेल्या संपत्तीचे ते वारसदार होते. मात्र वारशात वडिलांची अपुरी स्वप्नेही आली.

त्यांपैकी सर्वांत खर्चिक स्वप्न पोलादाचे. चांदा जिल्ह्यातील शोध निष्फळ ठरल्यावर दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असता, वाट पाहण्याच्या वेळात ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात, शिरले. तेथील भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाचे साठे दाखविलेले होते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांच्यासह ते त्या टेकड्यांवर पोहोचले. खनिज उत्कृष्ट होते, परंतु योग्य कोळसा व पुरेसे पाणी जवळ नव्हते. अखेर भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी सुचविलेल्या मयूरभंजच्या खनिजावर साकची येथे, आजच्या जमशेदपुरात, कारखाना उभा राहिला.

जमशेटजी 1904 साली निवर्तले होते. त्यांनी विज्ञान संस्थेसाठी काढून ठेवलेली मोठी मालमत्ता दोराबजी व त्यांचे धाकटे बंधू रतनजी यांनी आपला वाटा घटत असूनही त्याच कार्याला दिली आणि 1909 साली बंगळूरची संस्था स्थापन झाली. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी 1907 साली नोंदली गेली. पहिले पोलाद 1912 साली निघाले.

खरी कसोटी 1924 साली लागली. महायुद्धानंतरच्या मंदीत कंपनीकडे कामगारांच्या वेतनापुरताही पैसा उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. तिच्यात पत्नी मेहेरबाई यांचा 245 कॅरटचा ज्युबिली हिराही होता. कारखाना बुडाला असता, तर दोन पिढ्यांची मिळकत त्याच्याबरोबर गेली असती. कर्ज मिळाले, कारखाना तरला.

दांपत्याला अपत्य नव्हते. मेहेरबाईंचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजींनी आपली सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि 3 जून 1932 रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला. त्या निधीतून 1936 साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था व 1941 साली परळचे टाटा कर्करोग रुग्णालय उभे राहिले. 1945 साली डॉ. होमी भाभा यांच्या मूलभूत संशोधन संस्थेलाही त्यातूनच साहाय्य मिळाले. हे भाभा मेहेरबाईंचे भाचे होते.