डोळ्याच्या खोबणीतून बाण काढणारा हकीम : अबुल कासिम अल-जहरावी

आपल्या घरात, जलशात, शाळेच्या भाषणात अल-जहरावी हे नाव अनेकदा येतं. सर्जरीचे जनक, एवढं सांगून टाळ्या पडतात आणि विषय संपतो. पण हा माणूस नेमकं काय करत होता, कोणाच्या अंगावर हत्यार चालवत होता आणि कशाला घाबरत होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून आज आम्ही त्यांची हकीकत जरा सावकाश सांगणार आहोत.

पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी. नावापुढे अन्सारी लागतं, म्हणजे खानदान मदिनेच्या अन्सारांपैकी. जन्म साधारण इ.स. ९३६ चा मानतात. स्पेनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अंदलूसमध्ये, खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कोर्दोबा शहराजवळ मदीनतुज्जहरा हे नवं राजधानीचं शहर बांधायला घेतलं, तोच हा काळ. त्याच शहरावरून त्यांना जहरावी म्हणतात. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल इतिहासात फार कमी उरलंय. ते १०१३ च्या सुमारास वारले आणि त्याच्या थोडंच आधी यादवी युद्धात ते सुंदर शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. शहर गेलं, पण त्यांची किताब वाचली.

या किताबीचं नाव अत-तसरीफ. तीस भागांचा हा वैद्यकाचा ज्ञानकोश त्यांनी सुमारे पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर, इ.स. १००० च्या आसपास पूर्ण केला. त्यातला शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्याचे तीन हिस्से आहेत : पहिला डाग देण्याचा, दुसरा चिरफाडीचा, तिसरा मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांचा. सोबत सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. शागिर्दांना ते मुलांनो म्हणून हाक मारतात आणि हत्यार कसं धरायचं, कुठे थांबायचं, हे समोर बसवून शिकवावं तसं शिकवतात.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. बाण काढण्याच्या प्रकरणात त्यांनी स्वतः हाताळलेले रुग्ण सांगितलेत. एका माणसाला नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बाण लागला होता. जहरावींनी तो दुसऱ्या बाजूने, कानाच्या पाळीखालून काढला. डोळ्याला काही झालं नाही. दुसरा रुग्ण यहुदी होता. त्याच्या खालच्या पापणीखालून मोठा बाण थेट डोळ्याच्या खोबणीत घुसला होता, इतका खोल की काडीकडचं टोक जेमतेम हाताला लागत होतं. तोही बाण निघाला, माणूस बरा झाला आणि डोळा शाबूत राहिला. तिसरा रुग्ण ख्रिस्ती. त्याच्या गळ्यात उलट्या काट्यांचा बाण रुतला होता. तोही वाचला. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे जहरावी सहज लिहून जातात, जसं आपण गाव सांगतो. इलाज तिघांचा सारख्याच काळजीने झाला.

खोबणीचं काम किती नाजूक असतं ते समजून घेऊया. डोळ्याभोवतीची ही खोबण, म्हणजे नेत्रकोटर, सात हाडांनी मिळून बनलेली असते. कडेचं हाड जाड, पण तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. चेंडू, ठोसा किंवा अपघाताचा मार बसला की तळ मोडून खाली जातो. मग एकाची दोन माणसं दिसू लागतात, गाल बधिर होतो, डोळा आत गेल्यासारखा वाटतो. आज सर्जन आधी सीटी स्कॅन काढतात. लहान फ्रॅक्चर असेल तर पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही. लागलं तर खालच्या पापणीच्या आतून छेद घेतात, खाली सरकलेला भाग हळूच वर उचलतात आणि तळाला टायटॅनियमची बारीक जाळी, प्लास्टिकचा पत्रा किंवा रुग्णाचंच हाड बसवतात. मोठ्या माणसांत बहुधा सूज उतरेपर्यंत थांबून, साधारण दोन आठवड्यांच्या आत हे केलं जातं.

हे ऑपरेशन जहरावींनी शोधलं, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. पण शेजारच्या हाडांवरचं त्यांचं काम बघा. मोडलेलं नाक शक्य तर पहिल्याच दिवशी, नाहीतर सूज उतरल्यावर बसवावं, असं ते सांगतात. आत ठेवायच्या मऊ कापडात पिसाची पोकळ नळी घालायला सांगतात, म्हणजे रुग्णाला श्वास घेता येतो. हललेले दात सोन्याच्या तारेने बांधतात. कवटीला भोक पाडायच्या हत्याराला ते कडं ठेवतात, म्हणजे टोक ठरल्यापेक्षा खोल जाऊन मेंदूला लागत नाही. काम करायचं, पण पुढच्या नाजूक भागाला धक्का लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. आजचा सर्जन खोबणीत उतरतो तेव्हाही ह्याच शिस्तीने उतरतो.

आणि त्यांना भीती कशाची होती? अज्ञानाची. शस्त्रक्रियेच्या भागाच्या सुरुवातीलाच ते कबूल करतात की आमच्या मुलखात हे इल्म जवळपास नाहीसं झालंय. त्याचं कारणही सांगतात : शरीराची रचना न शिकताच लोक चाकू उचलतात. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना धमनी कापली आणि ती त्याच्या हातातच गेली. दुसऱ्याने म्हाताऱ्याचा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाच बाहेर ओढला. तो तीन दिवसांत मेला. आपल्याच पेशाचे असे गुन्हे उघड लिहायला हिंमत लागते.

बाराव्या शतकात तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपचे सर्जन पुढे कित्येक शतकं तो वाचत राहिले. १४६५ मध्ये तुर्कस्तानात शरफुद्दीन साबुनजुओग्लू यांनी त्याच्या आधारे तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ केला. जहरावी स्वतःही ग्रीक हकीम पॉल यांच्याकडून भरपूर शिकले होते. इल्म असंच एका हातातून दुसऱ्या हातात जातं. त्याला आमचं-तुमचं नसतं.

आम्हाला वाटतं, जहरावींचा खरा मान पोस्टरवर नाव छापून होत नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना पोराच्या डोळ्याला चेंडू लागतो, किंवा कोणी बाइकवरून पडतं. डोळा लाल नाही, रक्त नाही, म्हणून आपण हळद लावून झोपवतो, नाहीतर हाडवैद्याकडे नेतो. लक्षात ठेवा, मुलांचं हाड लवचिक असतं. ते दारासारखं उघडून पुन्हा मिटतं आणि डोळ्याचा स्नायू त्यात चिमटला जातो. वरून डोळा पांढराशुभ्र दिसतो, पण मूल ओकतं, मलूल होतं, वर बघता येत नाही. अशा वेळी एक-दोन दिवसांत ऑपरेशन झालं नाही तर स्नायू कायमचा अधू होऊ शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत नाक जोराने शिंकरू देऊ नका, हवा खोबणीत शिरते.

हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान हकिमाने न शिकता चाकू धरणाऱ्यांना बजावलं होतं. आपल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या शरीररचनेचं पुस्तक उघडून बसलं, तर त्या हकिमाला पोहोचणारा सवाब आपल्या टाळ्यांपेक्षा नक्कीच मोठा असेल, इन्शाअल्लाह.