पुदिना तोलणारा डॉक्टर

भाजीच्या जुडीतली पुदिन्याची काडी पाण्याच्या ग्लासात ठेवली, की काही दिवसांत तिला पांढऱ्या मुळ्या फुटतात. मातीविना शेती, म्हणजेच हायड्रोपोनिक्स करणारे अनेक जण अशाच काड्यांपासून रोपे तयार करतात. पण नुसत्या पाण्यावर रोप किती वाढेल? तीनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर तराजू घेऊन शोधले ते डॉ. जॉन वुडवर्ड यांनी.

वुडवर्ड यांचा जन्म १६६५ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायरचा. इंग्लंडच्या राजाचे वैद्य पीटर बारविक यांच्याकडे ते वैद्यक शिकले. झाड पाण्यापासूनच बनते, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. वुडवर्ड यांना ते पटेना.

१६९१ च्या जुलैमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी पुदिन्याचे टवटवीत फुटवे वजन करून काचेच्या बाटल्यांत ठेवले. पाणी उडून जाऊ नये म्हणून बाटल्यांची तोंडे बांधली. एका बाटलीत झऱ्याचे पाणी होते, दुसरीत पावसाचे, तिसरीत थेम्स नदीचे. ७७ दिवसांनी झऱ्याच्या पाण्यातल्या रोपाचे वजन १५ ग्रेनने वाढले होते, पावसाच्या पाण्यात साडेसतरा, तर थेम्सच्या पाण्यात २६ ग्रेनने. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.)

पुढच्या वर्षी त्यांनी ५६ दिवसांचा प्रयोग केला. ऊर्ध्वपातन केलेल्या शुद्ध पाण्यात वाढ झाली ४१ ग्रेन. बागेतली माती मिसळलेल्या पाण्यात २८४. पाणी जितके निर्मळ, तितके रोप उपाशी! झाड पाण्याने नव्हे, तर पाण्यातल्या मातीच्या अंशाने बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १६९९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

तो अर्धाच बरोबर होता. झाडाचे बरेचसे वजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येते, हे पुढे कळले. पण क्षारांचे महत्त्व खरे ठरले. काडीला मुळ्या फुटतात त्या देठातल्या साठ्यावर. तो संपला, की पाण्यात पोषक क्षार घालावेच लागतात. १८६० च्या सुमारास जर्मनीतील झाक्स आणि क्नोप यांनी असे पोषक द्रावण तयार केले. आजची हायड्रोपोनिक्स त्यावरच उभी आहे.

१६९२ मध्ये वुडवर्ड लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात वैद्यकाचे प्राध्यापक झाले. मात्र रोग्याच्या खाटेशी त्यांचा तराजू हरवला. बहुतेक रोगांचे मूळ जठरातल्या पित्तात आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. देवीच्या रोगात वांतीचे औषध द्यावे की रेचक, यावरून त्यांचे डॉ. रिचर्ड मीड यांच्याशी बिनसले. १७१९ मध्ये दोघांनी कॉलेजच्या दारात तलवारी उपसल्या. दोन औषधांची शेजारी शेजारी तुलना मात्र कोणीच केली नाही.

वुडवर्ड १७२८ मध्ये वारले. त्यांनी जमवलेले जीवाश्म आजही केंब्रिजमध्ये आहेत.

१७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. बाकी सारे सारखे ठेवायचे, एकच गोष्ट बदलायची आणि मोजायचे. वुडवर्ड यांनी पुदिन्याला दिलेला हा न्याय रोग्यांच्या वाट्याला यायला आणखी अर्धशतक जावे लागले.